मंडळाची ओटी

माझी ओटी लग्नाआधी भरली गेली, आणि तीही टेबल टेनिसच्या टेबलावर बसवून. आईला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "लग्न व्हायच्या आधी ओटी? हे कुठलं शास्त्र?" मी म्हटलं, "आमच्या मंडळाचं."  मंडळापुढे घरातल्या कुणाचं काही चालत नाही, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं.

मंडळ म्हणजे पार्ल्यातल्या आमच्या कॉलेजमधल्या मुलींचं मंडळ. त्याची कुठे नोंदणी नव्हती, फलक नव्हता, प्राचार्यांना ते असल्याचं माहीत होतं पण मान्य नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून, मधोमध टेबल टेनिसचं टेबल असलेली एक लेडीज रूम होती, तिच्यात ते भरायचं. मंडळ कधी सुरू झालं हेही नक्की कुणी सांगू शकत नव्हतं. आमचा इतिहास तायांच्या तोंडी असायचा आणि प्रत्येक ताई त्याला आपापली फोडणी घालायची. एकीच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी कॉलेजात मुली इतक्या थोड्या, की त्यांना डबा खायला जागा नव्हती. म्हणून त्यांनी ही अडगळीची खोली अर्ज करून मागून घेतली. दुसरी म्हणायची, अर्जबिर्ज काही नाही, सरळ कुलूप तोडलं. मला स्वभावाप्रमाणे दुसरी गोष्ट जास्त पटते.

चालीरीती मात्र पक्क्या होत्या. पहिल्या वर्षाच्या ज्या मुलीला मंडळात यायचंय तिने आपल्या नावाची चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची. दुसऱ्या वर्षाच्या मुली एकेक चिठ्ठी काढायच्या. जिच्या हाती जी लागेल ती तिची धाकटी, आणि काढणारी तिची ताई. चिठ्ठी परत टाकायची नाही, आवडली नाही तरी नाही. मग पहिला आठवडाभर ताईने स्वतःच्या हाताने रांधलेला डबा धाकटीला द्यायचा. आईकडून करून आणलेला चालायचा नाही, आणि तो ओळखायला सगळ्या टपलेल्या असायच्या. खिडकीपाशी एक लांब बाक होता. त्यावर प्रत्येकीची जागा ठरलेली होती, आणि ताई गेली की तिची जागा धाकटीला मिळायची.

सगळ्यात लाडकी रीत होती ओटीची. जुन्या काळी मुलींची लग्नं शिकता शिकता व्हायची. एके दिवशी मुलगी बाकावर दिसायची नाही, बस, एवढंच. पुन्हा ती यायची नाही. तेव्हा म्हणे कुणीतरी म्हणालं की निदान धड निरोप तरी देऊ या. तेव्हापासून लग्न ठरलेल्या मुलीला टेबलावर बसवायचं, तिच्या ओढणीत किंवा पदरात तांदूळ, नारळ, हळकुंड, आणि मंडळाची खूण म्हणून एक पेन घालायचं. मग ती उठून जिना उतरायला लागली की वर कठड्यापाशी उभं राहून सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "जा, सुखात राहा, मागे बघू नको." तिने खरंच मागे बघायचं नाही. ओटी भरली की ती मंडळाची राहिली नाही, आणि तिच्या जागेवर दुसऱ्या दिवशी तिची धाकटी बसायची.

माझं लग्न दुसऱ्या वर्षाला असताना ठरलं. मुलगा मुलुंडचा, विमा कंपनीत नोकरीला, चांगला होता आणि अजूनही आहे. त्या दिवशी मंडळाने इतकं कौतुक केलं की तसं माझं ना आधी कुणी केलं ना नंतर. माझी ताई तांदूळ घालताना रडत होती, धाकटी हुंदके देत होती, आणि मी टेबलावर बसून सगळ्यांकडे राणीसारखी बघत होते. जिना उतरताना मागून ते वाक्य आलं. मी मागे बघितलं नाही. गेटबाहेर येऊन दोन केळी घेतली आणि खात खात स्टेशनकडे चालू लागले, कारण त्या सगळ्या रडारडीने भूक लागली होती.

लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी सासरे पोहे खाता खाता म्हणाले, "सूनबाई, कॉलेज कधीपासून सुरू करताय?" मी हसले आणि म्हटलं, "आता कसलं कॉलेज, अप्पा." त्यांनी मान हलवली. विषय संपला. मला वाटलं, ते सभ्य गृहस्थ आहेत, विचारायचं म्हणून विचारलं. त्यांना वाटलं, हिला शिकायचं नाही. घरात कुणीही मला अडवलेलं नव्हतं, हे मला पुढे कित्येक वर्षांनी नवऱ्याशी बोलता बोलता उमगलं. पण त्या वेळी मी परत जाणार कुठे होते? माझ्या जागेवर धाकटी बसली होती. इतक्या थाटात निरोप घेतल्यावर दोन आठवड्यांनी वह्या घेऊन पुन्हा हजर व्हायचं, म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाने निरोप घेऊन दारातून पुन्हा जेवायला यायचं. मला लाज वाटली. कॉलेज सुटलं ते या लाजेने.

मग मुलगी झाली, ती मोठी झाली, बंगळुरूला नोकरीला गेली. अप्पा गेले. मी जवळच्या एका दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची. एक दिवस डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, तुमचं शिक्षण किती. मी "बारावी" म्हटलं आणि दिवसभर माझं डोकं फिरलेलं राहिलं. बारावी नाही, दीड वर्ष पुढे! पण ते दीड वर्ष आता कुठल्याही हिशेबात धरत नाहीत, हे चौकशी केल्यावर कळलं. पहिल्यापासून सुरुवात करा, म्हणाले. केली. त्याच कॉलेजात.

लेडीज रूम जागेवर होती, टेबल जागेवर होतं, फक्त रॅकेटी बदलल्या होत्या. मंडळही होतं, आता त्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. चिठ्ठ्यांच्या दिवशी मी जाऊन माझ्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकली. कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर एखादी बाई आपल्या लेकीची चिठ्ठी टाकते आहे असं वाटलं असेल. माझी चिठ्ठी निघाली तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तिसऱ्या वर्षाची एक जबाबदार चेहऱ्याची मुलगी त्या वेळी मंडळाची मोठी, म्हणजे म्होरकी होती. ती अगदी अदबीने म्हणाली, "काकू, तुमचं तर लग्न झालंय ना? मंडळात लग्न झालेल्या नसतात."

"माहीत आहे," मी म्हटलं. "माझी ओटी इथेच भरली. याच टेबलावर."

सगळ्या त्या टेबलाकडे बघू लागल्या याची मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. मग कुजबुज सुरू झाली. ओटी भरलेली मुलगी मंडळात बसत नाही, हा नियम. तेवढ्यात माझी चिठ्ठी काढणारी पोरगी उठली. बोरिवलीची, एकोणीस वर्षांची, कुरळ्या केसांचा टोपला डोक्यावर. म्हणाली, "ए, चिठ्ठी परत टाकायची नाही, हा पण नियम आहे ना? मला निघाली ती माझी. विषय संपला यार." दोन नियमांची टक्कर झाली आणि जास्त आवाज असलेला जिंकला. अशी ती माझी ताई झाली.

पहिले दोन दिवस ती मला काकूच म्हणत होती. मग इतरांनी चिडवून चिडवून तिला "ए धाकटे" वर आणलं. मी तिला ताई म्हणायची, आणि त्यात मला जरासुद्धा अवघडल्यासारखं झालं नाही. डब्याच्या आठवड्यात तिने पहिल्या दिवशी थालीपीठ आणलं. एका बाजूने करपलेलं, मधे कच्चं, आणि मिठाच्या नावाने शिमगा. वीस-पंचवीस वर्षं मी लोकांचे डबे भरत होते, नवऱ्याचा, मुलीचा, अप्पा दवाखान्यात होते तेव्हा अप्पांचा. लग्नानंतर माझ्यासाठी कुणी डबा भरून आणल्याची ही पहिली वेळ होती. मी करपलेल्या बाजूने सुरुवात केली. ती घाबरून म्हणाली, "वाट लागली ना? सॉरी गं." मी सगळं संपवलं.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाला गेले, ताई तिसऱ्या वर्षाला जाऊन मंडळाची मोठी झाली, आणि मी डब्यातून एक चिठ्ठी काढली. माझी धाकटी घाटकोपरची निघाली. डोंगरावरच्या वस्तीतली, मूळ मालवणकडची, बारावीनंतर दोन वर्षं कपड्याच्या दुकानात काम करून आलेली, म्हणून वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा मोठी. हिशेबात हुशार, बोलायला फटकळ. मी सात दिवस सात प्रकार करून आणले, तर आठव्या दिवशी म्हणते, "ताई, तू चीटिंग केलीस. तुला येतंच की. ज्यांना येत नाही त्यांनी करण्यात मजा असते." मला ती पहिल्यापासून आवडली.

दिवाळीनंतर ती एक दिवस खोलीत आली आणि बाकावर बसत म्हणाली, "माझं ठरलं." तिच्या आजीची तब्येत ढासळली होती आणि आजीला नातजावई दाखवायचाच म्हणून तिचे वडील हटून बसले होते, "माझ्या आवशीक नातजावय बघूचो आसा." मुलगा भांडुपचा, ओळखीतला, तिलाही पसंत. घाईने लग्न करायचं एवढंच तिला आवडलं नव्हतं, पण आजीसाठी ती तयार झाली. "आणि कॉलेज?" मी विचारलं. ती म्हणाली, "ते म्हणतात शिक. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या."

पुढचं ऐकायला कुणी थांबलंच नाही. "ओटी! ओटी!" असा कल्ला झाला. बरीच वर्षं कुणाची ओटी भरली नव्हती. आताशा मुली शिकून, नोकरी लागल्यावर लग्न करतात. या पोरींनी ही रीत फक्त ऐकलेली होती. झेंडूच्या माळा कुठे लावायच्या, रील कुणी काढायचं, पदर असावा म्हणून साडीच नेसायची, सगळं दहा मिनिटांत ठरलं. माझी ताई तर जिन्यावर कुणी कुठे उभं राहायचं हेसुद्धा सांगू लागली. धाकटी लाजत होती आणि खूश होती. 

"ओटी नको भरू या," मी म्हटलं.

ताईला वाटलं मी थट्टा करते आहे. मग तिच्या चेहऱ्यावर राग आला. धाकटीने ताईला सगळ्यांसमोर उलट बोलायचं नाही अशीही रीत होती, आणि मी तीही मोडत होते. "का पण? आपली सगळ्यात भारी गोष्ट आहे ती. तुझ्यासाठी एक नियम वाकवला ना आम्ही? आता प्रत्येक गोष्ट मोडायची का?"

"मला ओटी हवीय," धाकटी म्हणाली. "दुकानात होते तेव्हा कोणी माझा साधा वाढदिवस नाही केला. तू भरून घेतलीस, मग मला का नाही?"

मग मी झालं ते सांगितलं. मला कुणी सासरी कोंडलं नव्हतं. अप्पांनी पोहे खाताना विचारलं होतं. मी नाही म्हटलं, कारण मंडळाने मला इतकं छान घालवलं होतं की परत यायला तोंड नव्हतं. हे सांगताना माझा आवाज चढला. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही कडू आठवण आहे, पण ती चीड निघाली. कुणावर चिडावं ते कळत नव्हतं, कारण त्या खोलीत वाईट वागलेलं कुणीच नव्हतं. माझी तेव्हाची ताई रडली होती, तेव्हाची धाकटी रडली होती. खरोखरच्या मायेने आम्ही एकेका मुलीला जिन्यावरून खाली सोडत गेलो, आणि वरून सांगत राहिलो की मागे बघू नको. मुली आज्ञाधारक. नाही बघितलं.

"म्हणजे मंडळानेच तुला घालवलं?" माझी ताई हळू आवाजात म्हणाली.

"मंडळाने म्हणजे मी पण आले त्यात. माझ्या आधीच्या दोघींच्या पदरात मीही तांदूळ घातलेत."

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. ताई माझ्याशी दोन-तीन दिवस जेवढ्यास तेवढं बोलत होती. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. तेवढा हट्टीपणा माझ्यात उपजत आहे. शेवटी धाकटीनेच मार्ग काढला. म्हणाली, "भरा ओटी. मला हवीच आहे. पण माझी जागा कुणाला देऊ नका, आणि ते वाक्य म्हणू नका."

"मग काय म्हणायचं?" कुणीतरी विचारलं. तिने खांदे उडवले.

ओटी झाली, आणि ती सुंदर झाली, हे कबूल केलं पाहिजे. झेंडू होते, पेन होतं, टेबलावर पिवळ्या साडीत बसलेली माझी धाकटी होती. मी तांदूळ घातले. मग ती पदर सावरत उठली आणि जिना उतरू लागली. आम्ही कठड्यापाशी जमलो. जिथे ते वाक्य यायचं तिथे सगळ्या गप्प राहिलो. दुसरं वाक्य कुणी शोधलंच नव्हतं. खालच्या वळणावर ती थांबली आणि तिने वर बघितलं.  मी ओरडले, "परीक्षा फेब्रुवारीत आहे गं, पोर्शन बुडवू नकोस!" पोरी हसल्या. तीही हसली, आणि गेली.

लग्न झालं. आम्ही सगळ्या घाटकोपरला जाऊन जेवून आलो. आजी खुर्चीवर बसून सगळे कधी पाया पडतात याची वाट बघत होती, प्रसन्न होती. आठ दिवस गेले, धाकटी आली नाही. देवदर्शन असेल, म्हटलं. आणखी एक आठवडा गेला. फोन केला तर म्हणायची, येते गं, पाहुणे आहेत. मग फोन उचलणंही कमी झालं. खोलीत कुणी तो विषय काढत नव्हतं, पण मी आत शिरले की सगळ्यांची नजर आधी माझ्याकडे आणि मग बाकाकडे जायची. तिच्या जागेवर माझ्या ताईची बॅग असायची. पहिल्या वर्षाची एक मुलगी अनवधानाने तिथे बसायला गेली, तर ताई तिच्या अंगावर खेकसली. मी रोज घरी जाताना स्वतःला समजावत होते की मी काही देव नाही, ज्याचं त्याचं नशीब, आणि रोज सकाळी मुलुंडहून निघताना पुन्हा आशा करत होते.

ती आली तेव्हा जेवायची सुट्टी अर्धी झाली होती. हिरवा चुडा, मेंदी उतरत आलेली, खांद्याला तीच जुनी सॅक. ती दारात थांबली, आत आली नाही. आम्हीही सगळ्या नुसत्या बघत राहिलो. जाणाऱ्या मुलीला म्हणायचं वाक्य आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. परत आलेल्या मुलीला काय म्हणायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"येऊ ना?" ती म्हणाली. तिचा तो फटकळ आवाज अगदी बारीक झाला होता, आणि मला कळलं की भांडुपहून इथपर्यंत येताना ती सगळ्या वाटेत याच दाराला घाबरत आली होती.

माझ्या ताईने बॅग उचलून मांडीवर घेतली. धाकटी येऊन आपल्या जागेवर बसली आणि सॅकमधून वही काढत म्हणाली, "अकाउंट्सचं कुठवर आलंय? कोणी लिहिलंय का नीट, की सगळ्या माझ्यासारख्याच?" दोघी-तिघींनी एकदमच वह्या पुढे केल्या. पुन्हा गलका झाला, डबे उघडले गेले.

मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरत नव्हतं. ती आली याचा आनंद होता, होताच. पण मला तिचा हेवाही वाटला. मलाही एवढंच करायचं होतं. जिना चढायचा होता, आणि दारात उभं राहून विचारायचं होतं.